कोणत्या गल्ल्यावरचा आकडा?

व्हिडिओ गेम कन्सोलचा खप तीन ठिकाणी मोजता येतो : कारखान्याच्या दारात, व्यापाऱ्याच्या गोदामात आणि गिऱ्हाइकाच्या घरात. तिन्ही ठिकाणचे आकडे वेगळे येतात आणि छापताना तिन्हींपुढे ‘विक्री’ असेच लिहिले जाते. जगात सर्वाधिक खपलेला कन्सोल कोणता, अमुक कंपनीने तमुक कंपनीला मागे टाकले की नाही, भारतात किती घरांत प्लेस्टेशन आहे, हे वाद वर्षानुवर्षे चालतात. आकडा कोणत्या ठिकाणी मोजला हे सांगितलेले नसते, म्हणून त्यातले बहुतेक मिटत नाहीत.

नागपूरच्या गांधीबागेतील ठोक कापड बाजारात हा फरक कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सुरतेहून किंवा भिवंडीहून माल निघाला की पाठवणाऱ्या पेढीच्या वहीत विक्री जमा होते. गांधीबागेतला व्यापारी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर किंवा बालाघाटच्या दुकानदाराच्या नावाने बिल फाडतो, तेव्हा त्याची विक्री होते. साडी मात्र अजून दुकानदाराच्या कपाटातच असते. लग्नसराई चांगली गेली तर ती गिऱ्हाइकाकडे जाते. हंगाम पडला तर पडून राहते, पैसे उधारीत अडकतात आणि कधी मालच परत येतो. एकाच साडीची तीनदा विक्री झाली, तीन वेगवेगळ्या तारखांना. कन्सोलचे आकडे वाचताना हीच साखळी डोळ्यांसमोर ठेवावी लागते.

निघालेला माल आणि विकलेला माल

कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या दर तिमाहीला भागधारकांसाठी जे आकडे जाहीर करतात, ते साधारणपणे व्यापाऱ्याला विकलेल्या मालाचे असतात. दुकानदाराने पुढे तो विकला की नाही, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नसतो. कंपनीच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही. तिला पैसे दुकानदाराकडून मिळतात, त्यामुळे तिचा हिशेब तिथेच संपतो.

या पहिल्या टप्प्यातही दोन पोटप्रकार आहेत. सोनी कंपनी 2007 च्या मार्चपर्यंत ‘उत्पादन रवानगी’ मोजत असे. एप्रिल 2007 पासून तिने पद्धत बदलली आणि हिशेबात विक्री म्हणून नोंदलेला माल मोजायला सुरुवात केली. कारखान्यातून निघालेला पण कंपनीच्याच गोदामात किंवा जहाजावर असलेला माल पहिल्या पद्धतीत धरला जातो, दुसऱ्या पद्धतीत नाही. प्लेस्टेशन 2 बाजारात आला 2000 साली, म्हणजे त्याचे आयुष्य या दोन पद्धतींत विभागले गेले. त्याच्या वर्षावर्षांच्या आकड्यांची सरळ बेरीज करणाऱ्याने आधी हा सांधा तपासलेला बरा.

निघालेला माल आणि विकलेला माल यांत किती अंतर पडू शकते, याचे जुने उदाहरण अटारी कंपनीचे आहे. 1982 च्या नाताळात तिने ‘ई.टी.’ या चित्रपटावर आधारित गेम बाजारात आणला. सुमारे 40 लाख काडतुसे बनवल्याचे सांगितले जाते. त्यांपैकी 15 लाखांच्या आसपास खपली. बाकीची दुकानदारांच्या फळ्यांवरून परत आली. 1983 मध्ये अटारीने न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो येथे न खपलेला माल जमिनीत गाडला. पुढे तीस वर्षे ही दंतकथा आहे की खरी गोष्ट, यावर वाद होत राहिला. एप्रिल 2014 मध्ये तो कचरा डेपो खणला गेला आणि काडतुसे बाहेर निघाली. रवानगीचा आकडा पाहून त्या गेमला यशस्वी म्हणणे शक्य होते. खड्डा पाहून नाही.

कन्सोलच्या बाबतीत मात्र काळ हे अंतर भरून काढतो. उत्पादन बंद झाले, गोदामे रिकामी झाली की निघालेला माल आणि विकलेला माल जवळजवळ एक होतो. म्हणून संपलेल्या पिढीच्या कन्सोलसाठी रवानगीचा आकडा पुरेसा विश्वासार्ह असतो. चालू पिढीत, त्यातही नाताळानंतरच्या तिमाहीत, तो जपून वापरावा लागतो. दिवाळीआधी भरलेल्या दुकानाकडे पाहून दिवाळीचा धंदा सांगता येत नाही.

पहिला क्रमांक कोणाचा?

जगात सर्वाधिक खपलेला कन्सोल प्लेस्टेशन 2 हा आहे, याबद्दल फारसे दुमत नाही. तो नेमका किती खपला, यावर मात्र दहा वर्षांहून अधिक काळ चर्चा चालली. 31 मार्च 2012 पर्यंत 15 कोटी 50 लाखांहून अधिक, असे सोनीने जाहीर केले. त्यानंतर कंपनीने पीएस 2 आणि पीएस 3 यांचे आकडे एकत्र द्यायला सुरुवात केली. मार्च 2013 ला संपलेल्या वर्षात या दोघांचे मिळून 1 कोटी 65 लाख संच विकले गेले. त्याच वर्षात, जानेवारी 2013 च्या सुमारास, पीएस 2 चे उत्पादन बंद झाल्याची बातमी आली.

या 1 कोटी 65 लाखांत पीएस 2 चा वाटा किती, हा अंदाजाचा विषय झाला. आधीच्या दोन वर्षांत पीएस 2 अनुक्रमे सुमारे 64 लाख आणि 41 लाख विकला गेला होता. हा उतार पाहून शेवटच्या वर्षी 20 ते 30 लाख धरावेत आणि एकूण आकडा 15 कोटी 80 लाखांच्या आसपास मानावा, असा हिशेब करता येतो. दुसरी बाजू अशी की, जे कंपनीने सांगितले नाही ते धरूच नये. 15 कोटी 50 लाख हाच अधिकृत आकडा. 2024 मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन विभागाचे मावळते प्रमुख जिम रायन यांनी एका मुलाखतीत 16 कोटी हा आकडा सांगितला. त्याच वर्षी प्लेस्टेशनच्या तिसाव्या वाढदिवसानिमित्त कंपनीनेही 16 कोटींहून अधिक असे जाहीर केले.

इथे दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. 15 कोटी 50 लाख हा मार्च 2012 पर्यंतचा आकडा होता आणि तो कधीच खोटा ठरला नाही. चूक झाली ती त्यापुढची तारीख गळून पडली म्हणून. ‘आतापर्यंत’ आणि ‘अमुक तारखेपर्यंत’ यांत गल्लत झाली, आणि उत्पादन चालू असताना दिलेला आकडा अंतिम समजला गेला.

हा वाद ऐरणीवर आला तो निन्टेंडोच्या स्विचमुळे. पीएस 2 पर्यंत पोचण्याआधी स्विचला निन्टेंडोच्याच डीएसला मागे टाकायचे होते. डीएसचा अंतिम आकडा 15 कोटी 40 लाख 20 हजार आहे. 30 सप्टेंबर 2025 रोजी स्विचचा आकडा 15 कोटी 40 लाख 10 हजार होता. पंधरा कोटींच्या व्यवहारात फरक फक्त दहा हजारांचा, तोही दहा हजारांपर्यंत पूर्णांकात आणलेल्या दोन आकड्यांमधला. अशा ठिकाणी कोण पुढे हे सांगण्यात अर्थ नसतो. पुढच्या तिमाहीत स्विचने डीएसला स्पष्टपणे मागे टाकले आणि तो प्रश्न मिटला. पीएस 2 ला गाठायचे असेल तर मात्र 15 कोटी 50 लाख गाठायचे की 16 कोटी, हे आधी ठरवावे लागते.

कंपनी गप्प बसली तर

सोनी आणि निन्टेंडो आकडे देतात, म्हणून तिथे वाद बारीक असतात. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2015 मध्ये एक्सबॉक्सचे संच किती विकले हे सांगणेच थांबवले आणि महिन्याला किती लोक ऑनलाइन सेवा वापरतात, तो आकडा द्यायला सुरुवात केली. एक्सबॉक्स वनचा खप त्यानंतर आडमार्गाने काढावा लागला. अशा अंदाजाची दोन उदाहरणे जवळून पाहण्यासारखी आहेत.

पहिले जानेवारी 2016 चे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या वित्तप्रमुखांनी गुंतवणूकदारांशी बोलताना सांगितले की, 2015 च्या अखेरीस एक्सबॉक्स वन आणि पीएस 4 मिळून साडेपाच कोटींच्या आसपास संच लोकांकडे आहेत. 3 जानेवारी 2016 पर्यंत 3 कोटी 59 लाख पीएस 4 गिऱ्हाइकांच्या हाती गेल्याचे सोनीने जाहीर केले होते. वजाबाकी केली की 1 कोटी 91 लाख उरतात. एक्सबॉक्स वनचे ‘1 कोटी 90 लाख’ अशी बातमी जगभर गेली ती या वजाबाकीतून.

गणित सोपे आहे, पण त्यातली गृहीतके पाहायला हवीत. साडेपाच कोटी हा मोघम आकडा होता. तो प्रत्यक्षात पाच-सात लाखांनी कमीजास्त असला तर सगळा फरक एकट्या एक्सबॉक्सच्या माथी येतो. शिवाय तो त्या कंपनीचा स्वतःचा अंदाज होता, मोजणी नव्हती. मोठ्या मोघम आकड्यातून एक पक्का आकडा वजा केला तर उरलेला आकडाही मोघमच राहतो. दशांशचिन्हापुढे एक अंक लिहिल्याने तो पक्का होत नाही.

दुसरे उदाहरण 2022 चे. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी विकत घ्यायला काढली तेव्हा ब्राझीलच्या स्पर्धा नियामकाने तिच्याकडून माहिती मागवली. तिथे दिलेल्या निवेदनात मायक्रोसॉफ्टने मान्य केले की, मागच्या पिढीत सोनीने एक्सबॉक्सच्या दुपटीहून अधिक कन्सोल विकले. पीएस 4 चा मार्च 2022 अखेरचा आकडा 11 कोटी 72 लाख. त्याच्या निम्मे 5 कोटी 86 लाख. म्हणजे एक्सबॉक्स वन यापेक्षा कमी खपला. नेमका किती हे या वाक्यातून कळत नाही. वरची मर्यादा तेवढी कळते. पण ती मर्यादा स्वतः विक्रेत्याने, सरकारी संस्थेपुढे, आपल्या तोट्याची बाब म्हणून मान्य केलेली आहे. अशा कबुलीला एखाद्या विश्लेषकाच्या नेमक्या आकड्यापेक्षा जास्त वजन द्यायला हरकत नाही.

दुकानांचे नमुने

तिसरा मार्ग म्हणजे दुकानांच्या गल्ल्यावरून मोजणे. अमेरिकेत एनपीडी ही संस्था, जी आता सर्काना या नावाने ओळखली जाते, दुकानांकडून बिलांची माहिती गोळा करते. जपानमध्ये ‘फामित्सु’ हे नियतकालिक दर आठवड्याचे आकडे छापते. सगळी दुकाने माहिती देत नाहीत, म्हणून मिळालेल्या नमुन्यावरून बाकीच्या बाजाराचा अंदाज केला जातो. अमेरिकेतील वॉलमार्टसारख्या महाकाय साखळीने 2001 मध्ये बाहेरच्या संस्थांना आकडे देणे थांबवले, तेव्हा सर्वांत मोठ्या दुकानाचाच आकडा अंदाजाने भरावा लागला. 2010 च्या ऑक्टोबरपासून एनपीडीने संचांचे सविस्तर आकडे लोकांसाठी जाहीर करणेही बंद केले. ते पैसे भरणाऱ्या ग्राहक कंपन्यांनाच मिळू लागले.

ही पोकळी भरायला 2005 मध्ये सुरू झालेल्या व्हीजीचार्ट्झसारखे उपक्रम पुढे आले. थोड्या दुकानांचा नमुना, जुने कल आणि कंपन्यांचे तिमाही आकडे यांची सांगड घालून ते आठवड्याचे अंदाज देत. टीकाकारांचा आक्षेप दुहेरी होता. नमुना कोणत्या दुकानांचा हे पुरेसे उघड नव्हते, आणि कंपनीचा आकडा आला की मागचे अंदाज त्याला जुळवून घेतले जात. नवी माहिती मिळाल्यावर अंदाज सुधारणे हा दोष नव्हे. सुधारल्याचे न सांगणे हा दोष आहे. शिवाय अंदाज शेवटच्या एककापर्यंत लिहिला की तो मोजणीसारखा दिसू लागतो.

नमुना ज्या दुकानांचा, त्याच दुकानांची गोष्ट तो सांगतो. ऑनलाइन विक्री वाढली की रस्त्यावरच्या दुकानांचा नमुना बाजाराला कमी लेखतो. महानगरातल्या झगझगीत दुकानांवरून जिल्ह्याच्या गावांचा अंदाज बांधला तर उलट चूक होते.

क्रमांकांवरून गणित

कंपनीही बोलत नाही आणि दुकानेही सांगत नाहीत, तेव्हा यंत्रच बोलते. प्रत्येक संचावर अनुक्रमांक असतो. या पद्धतीचा उगम दुसऱ्या महायुद्धात आहे. जर्मनी दरमहा किती रणगाडे बनवते हे दोस्त राष्ट्रांना हवे होते. पकडलेल्या रणगाड्यांच्या भागांवरील क्रमांकांवरून संख्याशास्त्रज्ञांनी ऑगस्ट 1942 साठी 327 हा आकडा काढला. हेरखात्याचा अंदाज 1,550 होता. युद्धानंतर जर्मन दप्तरात खरा आकडा सापडला तो 342.

त्यामागचे सूत्र कोणालाही वापरता येईल. हाती आलेल्या क्रमांकांपैकी सर्वांत मोठा घ्यायचा, त्याला नमुन्यांच्या संख्येने भागून आलेले उत्तर त्यातच मिळवायचे आणि एक वजा करायचा. समजा पाच संच पाहिले आणि त्यांचे क्रमांक 34, 112, 187, 240 आणि 300 निघाले. तीनशेला पाचाने भागले की साठ; तीनशे अधिक साठ, वजा एक, म्हणजे एकूण 359 च्या आसपास संच बनले असावेत.

कमोडोर 64 या घरगुती संगणकावर, ज्याचा मुख्य वापर गेम खेळण्यासाठीच झाला, ही पद्धत चालवली गेली. त्याचा खप 1 कोटी 70 लाखांपासून 3 कोटींपर्यंत काहीही सांगितला जात असे. 2011 मध्ये मायकेल स्टाइल या अभ्यासकाने जुन्या यंत्रांवरील अनुक्रमांक जमवून मांडणी केली, तेव्हा उत्तर सव्वा कोटीच्या आसपास आले. वर्षानुवर्षे एकमेकांचे पाहून छापलेला आकडा असा खाली आला.

पद्धतीची मर्यादाही लक्षात घ्यावी. क्रमांक एकापाठोपाठ एक दिलेले असतील तरच ती चालते. हल्लीच्या कन्सोलवरील क्रमांकात कारखाना, साल आणि मॉडेल यांच्या खुणा मिसळलेल्या असतात. एकेका मालिकेची फोड केल्याशिवाय सूत्र लावले तर उत्तर भलतेच येते.

कोणाचे संच धरायचे?

काही वाद मोजणीचे नसून हद्दीचे असतात. सेगाच्या मेगा ड्राइव्हचा खप कोणी 2 कोटी 90 लाख सांगतो, कोणी साडेतीन कोटींच्या वर. सेगाने स्वतः विकलेले संच 3 कोटी 7 लाख 50 हजार धरले जातात. ब्राझीलमध्ये टेक्टॉय कंपनीने परवाना घेऊन तेच यंत्र बनवले आणि सुमारे 30 लाख विकले. अमेरिकेत सेगाने लक्ष काढून घेतल्यावर मॅजेस्को कंपनीने ते पुन्हा विकायला काढले. तिथे 15 लाखांचा अंदाज होता. तिन्ही मिळवले तर साडेतीन कोटींच्या पुढे जाते. परवान्यावर बनलेले यंत्र मूळ कंपनीच्या खात्यात धरायचे की नाही, हे आधी ठरवल्याशिवाय कोणताच आकडा चूक म्हणता येत नाही.

बदलून दिलेल्या यंत्रांचाही असाच प्रश्न येतो. एक्सबॉक्स 360 मोठ्या प्रमाणावर बिघडू लागला, तेव्हा जुलै 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली. हमीत बदलून मिळालेला संच नवी विक्री नसतो. पण हमी संपल्यावर वैतागून दुसरा विकत घेणारे गिऱ्हाईक विक्रीच्या आकड्यात दोनदा मोजले जाते, घर मात्र एकच. म्हणून विकलेले संच आणि चालू असलेले संच हे दोन वेगळे आकडे ठेवावे लागतात. गेम बनवणाऱ्याला दुसरा हवा असतो, कंपनीच्या भागधारकाला पहिला.

भारतातला गुंता

भारतात वरच्या सगळ्या पद्धती एकदम अडखळतात. पहिले कारण आयातीचे. 1994 मध्ये सेगाने शॉ वॉलेसशी वितरणाचा करार केला, तेव्हा 80 टक्के आयातशुल्क हा मुख्य अडथळा होता आणि संचाची किंमत 18 हजार रुपये होती. त्या काळात इतका पैसा खेळावर घालणारी घरे थोडी. मध्यमवर्गीय घरांत आला तो निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल करणारा स्वस्त संच, टीव्हीला जोडायचा, काडतूस खुपसायचे आणि दोन रिमोटवर दोघांनी खेळायचे. निन्टेंडोच्या हिशेबात फॅमिकॉम आणि एनईएस मिळून 6 कोटी 19 लाख 10 हजार आहेत. नकली संच त्यात कुठेच नाहीत. नव्वदच्या दशकातल्या नागपूर-अमरावतीकडच्या मुलांनी जे यंत्र सर्वाधिक खेळले, त्याचा जगाच्या कोणत्याही यादीत पत्ता नाही.

दुसरे कारण परस्पर आणलेल्या मालाचे. पीएस 5 अमेरिका आणि जपानमध्ये 12 नोव्हेंबर 2020 ला आला. भारतात तो 2 फेब्रुवारी 2021 ला, 49,990 रुपयांना. मधल्या पावणेतीन महिन्यांत इथे जे संच चढ्या भावाने विकले गेले, ते दुसऱ्या देशात विकत घेऊन आणलेले होते. निन्टेंडोचे वितरण 2008 मध्ये एचसीएलकडे होते, पण स्विच भारतात अधिकृतपणे विक्रीला आणलाच गेला नाही. तरी मोठ्या शहरांतल्या दुकानांत आणि ऑनलाइन तो मिळतो आणि घराघरांत दिसतो. निन्टेंडोच्या लेखी हे संच दुबई, सिंगापूर किंवा हाँगकाँगच्या बाजूला जमा झालेले असतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. परस्पर आयातीने जगाची बेरीज बिघडत नाही. संच कुठेतरी एकदा मोजलेला असतोच. बिघडते ती देशवार विभागणी. नकली मालाचे उलटे आहे. तो देशाच्याही हिशेबात नसतो आणि जगाच्याही. म्हणून भारताचा आकडा काढताना हे दोन प्रवाह एकत्र कालवून चालत नाही.

सरकारी दप्तरांतून काही धागे मिळतात. व्हिडिओ गेम कन्सोलसाठी 9504 50 हा स्वतंत्र आयात संकेतांक आहे. पण हजार रुपयांचा हातात मावणारा संच आणि पन्नास हजारांचा प्लेस्टेशन हे दोन्ही त्याच संकेतांकाखाली येतात, त्यामुळे नगांच्या बेरजेवरून फारसे काही कळत नाही. नगांची किंमत सोबत पाहावी लागते. 2018 च्या अर्थसंकल्पात यावरील मूळ आयातशुल्क 10 वरून 20 टक्के झाले आणि जानेवारी 2019 पासून जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. करांचे असे बदल झाले की माल कोणत्या वाटेने येतो तेही बदलते. भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी व्हिडिओ गेमनाही लागू आहे. परस्पर आणलेल्या संचावर ती खूण नसते. दुकानातले खोके उलटून पाहिले की अधिकृत माल आणि बाहेरून आलेला माल यांचे प्रमाण अंदाजे लावता येते, ते यामुळे.

तिसरे कारण गेमच्या विक्रीचे. परदेशात एका कन्सोलमागे सरासरी किती गेम विकले जातात, यावरून कन्सोलच्या संख्येची पडताळणी करतात. भारतात पीएस 2 च्या काळात चिप बसवलेले संच आणि नकली डिस्क यांचा सुळसुळाट होता. मुंबईच्या ट्राइन गेम्ससारख्या कंपन्यांनी पीएस 2 साठी खास भारतीय गेम बनवले ते इथे संच भरपूर आहेत म्हणूनच. पण अस्सल डिस्कच्या विक्रीवरून ते संच मोजले असते तर उत्तर फारच कमी आले असते. भरीस भर म्हणजे गेमिंग पार्लर. तासाला पैसे मोजून खेळणारी पन्नास पोरे आणि विकला गेलेला संच एक.

गांधीबागेत मोजायचे झाले तर

गांधीबाग आणि इतवारीसारख्या दाट वस्तीत, जिथे खाली दुकान आणि वर घर अशी रचना जागोजागी आहे, कन्सोल किती आहेत हे काढायचे झाले तर दुकानांवर विसंबून भागणार नाही. संच नागपुरातल्याच सीताबर्डीवरच्या दुकानातून घेतलेला असेल, ऑनलाइन मागवलेला असेल, पुण्यात शिकणाऱ्या मुलाने आणलेला असेल, नाहीतर आखातातल्या नातेवाइकाने पाठवलेला. स्थानिक दुकानांची बिले यांतला एकच प्रवाह पकडतात. घरोघरची नमुना पाहणी हाच अशा ठिकाणी खरा मार्ग आहे.

पाहणीतून किती नेमके उत्तर मिळते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. पाच लाख घरांच्या शहरात चिठ्ठ्या टाकून हजार घरे निवडली आणि त्यांतल्या वीस घरांत कन्सोल सापडला, तर प्रमाण दोन टक्के आणि शहराचा अंदाज दहा हजार घरे. पण हजार घरांच्या नमुन्यात या प्रमाणाला दोन्ही बाजूंनी सुमारे 0.87 टक्क्याची चूक संभवते. म्हणजे खरे उत्तर साधारण 5,650 ते 14,350 यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. ‘शहरात दहा हजार कन्सोल’ असा मथळा छापणाऱ्याने हा पल्ला गाळला तर वाचकाची दिशाभूल होते. पल्ला निम्मा करायचा असेल तर नमुना चौपट लागतो, चार हजार घरांचा. खर्चही त्याच मानाने वाढतो, आणि खासगी पाहण्या छोट्या नमुन्यावर थांबतात त्या यामुळेच.

प्रश्न कसा विचारला यानेही उत्तर हलते. ‘घरात व्हिडिओ गेम आहे का?’ असे विचारले तर मोबाइलवर खेळणाराही हो म्हणतो. ‘टीव्हीला जोडायचे गेमचे यंत्र आहे का, आणि गेल्या महिन्यात ते वापरले का?’ असे विचारले तर माळ्यावर पडलेले जुने संच वेगळे काढता येतात. मोजणाऱ्याला विकलेले संच हवेत की चालू असलेले, हे इथे पुन्हा आधी ठरवावे लागते.

आकडा वाचण्याची रीत

कोणत्याही एका पद्धतीवर भरवसा ठेवण्यापेक्षा दोन-तीन वाटांनी एकाच उत्तराकडे जाऊन पाहणे हा जाणकारांचा शिरस्ता आहे. कंपनीची रवानगी, दुकानांचा नमुना आणि घरांची पाहणी एकमेकांच्या जवळपास आली तर अंदाज पक्का होत जातो. ती दूर राहिली तर मधला फरक कशामुळे पडला ते शोधणे अधिक उपयोगाचे ठरते : गोदामात अडकलेला माल, परस्पर आयात, बदललेली मोजणीपद्धत किंवा दोनदा मोजलेले गिऱ्हाईक.

वाचकाने आकड्याला चार प्रश्न विचारावेत. मोजणी साखळीच्या कोणत्या टप्प्यावर झाली? कोणत्या तारखेपर्यंतची? कोणते संच धरले आणि कोणते वगळले? आणि तो मोजलेला आकडा आहे की अंदाज, अंदाज असेल तर किती कमीजास्त? चारही उत्तरे सोबत असतील तर 15 कोटी 50 लाख आणि 16 कोटी हे दोन्ही आकडे एकाच पानावर भांडण न करता राहू शकतात. उत्तरे नसतील तर कितीही अंकी आकडा असो, तो जाहिरातीत शोभतो. लेखात किंवा अहवालात तो आधार म्हणून घेऊ नये.